सहाचाकी ट्रकच्या मागच्या जॉइंटचा क्रॉस दोन महिन्यांत पुन्हा गेला, नेमके कुठे चुकते आहे?

प्रश्न : सहाचाकी, सोलापूर

नमस्कार मंडळी. माझा एक सहाचाकी ट्रक असून तो मी स्वतःच चालवतो. ऊसतोडीच्या हंगामात रानातून कारखान्यापर्यंत ऊस आणि एरवी सोलापूरच्या मार्केट यार्डातून हैदराबादकडे कांदा, असे गाडीचे काम असते. गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (गिअर बॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) दोन तुकड्यांचा आहे, म्हणजे मध्ये सेंटर बेअरिंग आहे आणि एकूण तीन जॉइंट आहेत. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सर्वांत मागच्या म्हणजे हाउसिंगकडच्या (मागच्या आसाकडच्या) जॉइंटमधून आवाज येऊ लागला. सुरुवातीला गाडी हळू चालत असताना चिमणी चिवचिवावी तसा आवाज यायचा आणि वेग वाढला की तो इतर आवाजांत बुडून जायचा. पुढे क्लच सोडताना खालून ‘खट्’ असा ठोका बसू लागला, तेव्हा हैदराबाद रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी त्या जॉइंटचा क्रॉस (चार भुजांचा, अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) बदलून घेतला. गाडीत कांदा भरलेला होता आणि ऊन चढत होते, त्यामुळे काम घाईत झाले आणि घाई माझीच होती, हे मान्य करतो.

आता मार्च अर्धा सरला आहे आणि तोच ठोका पुन्हा सुरू झाला आहे. रिव्हर्समधून पहिला गिअर टाकला की तो हमखास ऐकू येतो. शिवाय ताशी 45 ते 60 किलोमीटर वेगाच्या दरम्यान केबिनच्या तळाला, विशेषतः क्लचवर ठेवलेल्या पायाला, बारीक थरथर जाणवते. ही थरथर जानेवारीपूर्वी नव्हती. जानेवारीत काढलेला क्रॉस मी फेकून दिलेला नाही. त्याच्या चार भुजांपैकी एकीवर सुयांचे (बेअरिंगमधील बारीक पोलादी कांड्यांचे) इतके खोल ओरखडे उमटले आहेत की त्यांवर नख अडकते. उरलेल्या तीन भुजा मात्र जवळजवळ गुळगुळीत आहेत.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे की आता पूर्ण शाफ्टच बदलावा. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे काम मी आणि माझा मेहुणा घरासमोरच्या मोकळ्या जागेत करू शकतो का? पूर्ण शाफ्ट बदलण्याची खरोखर गरज आहे का? आणि जो क्रॉस वर्षानुवर्षे टिकायला हवा, तो दोन महिन्यांत कसा गेला?

उत्तर १ : निवृत्त फोरमन, अक्कलकोट रोड

आपण लिहिलेल्या मजकुरात माझे लक्ष दोन वाक्यांवर खिळले. थरथर क्रॉस बदलल्यानंतर सुरू झाली, हे एक, आणि जुन्या क्रॉसची एकच भुजा खराब झाली होती, हे दुसरे. चार भुजांना ग्रीस एकाच निपलमधून (ग्रीस भरण्याच्या तोंडातून) मिळते. त्यांपैकी तीन शाबूत राहून एकच खाल्ली गेली असेल, तर त्या एका कपापर्यंत (भुजेच्या टोकावरच्या, सुया असलेल्या टोपीपर्यंत) ग्रीस पोचत नव्हते, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा नवा क्रॉस बसवण्यापूर्वी ग्रीसची वाट तपासावी लागेल, नाहीतर तिसरा क्रॉसही त्याच वाटेने जाईल.

आधी दोष खरोखर क्रॉसमध्येच आहे याची खात्री करावी. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चारही बाजूंनी चाकांना ठोकळे, अशा स्थितीत गाडीखाली जावे. जॉइंटच्या एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा भाग) एका हाताने आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या हाताने धरून ते एकमेकांविरुद्ध पिळून पाहावेत, मग लहान पहारीने जॉइंट वर-खाली उचलून पाहावा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला कळेल इतकी मोकळीक नसते. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आत गंज आहे आणि तो क्रॉस संपलेला आहे, हे निश्चित समजावे. मात्र शाफ्ट गोल फिरवल्यावर जो थोडा खेळ जाणवतो तो सगळा क्रॉसचा नसतो. हाउसिंगमधील क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांच्या दातांमध्ये मोकळीक ठेवलेलीच असते आणि स्लिप जॉइंटचे (शाफ्टच्या लांबीत सरकणाऱ्या सांध्याचे) दाते झिजले असतील तर त्यांचाही खेळ त्यात मिसळतो. फ्लँजचे (बोल्टने जोडायच्या चकतीचे) नट ढिले असले तरीही ठोका अगदी असाच येतो. नवा माल खरेदी करण्यापूर्वी या तिन्ही ठिकाणी हात लावून पाहण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

घरासमोर काम करता येईल, पण एक गोष्ट मी आधीच आणि ठासून सांगतो. शाफ्ट सुटला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये ठेवली आहे या भरवशावर तिच्याखाली शिरू नये. काही जुन्या गाड्यांत तर हँडब्रेकचा ड्रमच गिअर बॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो, म्हणजे शाफ्ट काढल्यावर हँडब्रेक ओढलेला असूनही चाके मोकळी राहतात. जागा सपाट असावी, गाडी रिकामी असावी आणि ठोकळे पुढच्या तसेच मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेले असावेत. दगडाने भागवू नये, कारण दगड टायरखालून निसटतो.

शाफ्ट काढण्यापूर्वी हाउसिंगचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांच्यावर मिळून एक आडवी रेघ पांढऱ्या रंगाने ओढावी. तशीच एक रेघ स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर ओढावी. शाफ्ट कारखान्यात बॅलन्स केलेला असतो आणि तो सुटला त्याच स्थितीत परत बसला पाहिजे. एका बाजूचे बोल्ट सोडून शाफ्ट दुसऱ्या जॉइंटवर लोंबकळत ठेवू नये. त्याखाली जॅक किंवा लाकडी ओंडका द्यावा आणि मेहुण्यांना तो धरायला सांगावे, कारण ट्रकच्या शाफ्टचे वजन एकट्याच्या छातीवर घेण्यासारखे नसते.

खरी परीक्षा कप बाहेर काढताना होते. चारही सर्क्लिप (कप जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) पक्कडीने काढाव्यात. त्या गंजल्या असतील तर आदल्या रात्री डिझेल टाकून ठेवावे. नंतर योक मोठ्या व्हाइसमध्ये धरून एका बाजूला कपापेक्षा थोडा लहान आणि दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असा मोठा सॉकेट लावावा आणि व्हाइस आवळत जावे, म्हणजे कप सरळ बाहेर येतो. मोठा व्हाइस जवळ नसेल तर तेवढ्यापुरता शाफ्ट प्रेसवाल्याकडे न्यावा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा चिंचोळीत लेथ आणि प्रेसची कामे करणारे भरपूर आहेत. घण घालून काढलेला कप निघतो खरा, पण त्याबरोबर योकचे भोक लंबगोल होते आणि त्या भोकात नवा कप कधीच घट्ट बसत नाही. शाफ्टच्या नळीवर तर हातोड्याचा एक घावही पडू देऊ नये.

नवा क्रॉस बसवताना प्रत्येक कपातील सुया मोजाव्यात आणि त्या ग्रीसने कडेला चिकटवून ठेवाव्यात. एक कप अर्धा आत सारल्यावर क्रॉसची भुजा त्यात सरळ शिरवावी, मग समोरचा कप बसवावा आणि दोन्ही बाजूंनी सारखे दाबत जावे. एखादी सुई आडवी पडून तळाशी गेली असेल तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. अशा वेळी जोर न लावता कप परत काढून पाहावा. पंचाने ठोकून सर्क्लिप कशीबशी बसवण्याचा मोह इथेच होतो, आणि अनेक क्रॉस रस्त्यावर येण्यापूर्वीच इथे मरतात. सर्व सर्क्लिप बसल्यावर योकच्या कानांवर पितळी हातोडीने हलके टोले द्यावेत, म्हणजे कप बाहेर सरकून सर्क्लिपला टेकतात. त्यानंतर जॉइंट हाताने चारही दिशांना कुठेही न अडकता, पण ढिला न होता फिरला पाहिजे.

आता निपलविषयी. ग्रीस गनचे तोंड निपलवर सरळ बसेल अशा दिशेने क्रॉस ठेवला आहे की नाही, हे दाबण्यापूर्वी पाहावे. बहुतेक जॉइंटमध्ये निपलचे तोंड फ्लँजच्या बाजूला गेले तर गन पोचत नाही, म्हणून ते शाफ्टच्या नळीच्या बाजूला ठेवतात. ग्रीस मारताना चारही कपांच्या सीलमधून नवे ग्रीस डोकावेपर्यंत मारत राहावे. एका कपातून ते येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून आणि बाजूला रेटून पुन्हा मारावे. तरीही न आल्यास क्रॉस खोलून त्याचे छिद्र मोकळे करावे. ग्रीस लिथियमचे, जास्त दाब सोसणारे असावे. उसाच्या रानातील चिखलातून निघाल्यावर आणि गाडी पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्यावर सीलमधून पाणी आत जाते, तेव्हा सर्व्हिस बुकातील अंतर पूर्ण होण्याची वाट न पाहता ग्रीस मारावे.

पूर्ण शाफ्ट बदलण्याची गरज तीन कारणांनी पडते. नळीला पोचा पडला असेल, योकचे भोक वाढले असेल किंवा स्लिपचे दाते झिजले असतील, तरच तो खर्च करावा.

उत्तर २ : घाटरस्ता

फोरमनसाहेबांनी सविस्तर लिहिले आहे, त्यात एकच भर घालतो. गंजलेला कप व्हाइसलाही दाद देत नसेल तर योक गॅसच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवला की तो लगेच सुटतो. तुळजापूर घाटाच्या पायथ्याला एका रात्री आमचा जॉइंट असाच काढला होता आणि गाडी सकाळी लातूरला पोचली.

उत्तर ३ : निवृत्त फोरमन, अक्कलकोट रोड

घाटरस्ता, रात्री अडलेल्या माणसाने जे केले त्याला मी दोष देणार नाही, पण ही रीत इथे वाचून कोणी घरी वापरू नये अशी माझी विनंती आहे. योक उष्णता देऊन ठरावीक कठीणपणाला आणलेला असतो. तो लाल केला की तो कठीणपणा जातो आणि पुढच्या कुठल्या तरी चढावर, भरल्या गाडीत, त्याचा कान तुटतो. चालत्या गाडीत जॉइंट तुटला तर शाफ्टचे सुटलेले टोक रस्त्यावर आपटते आणि गाडीखाली गरगर फिरत जे सापडेल ते फोडत जाते, त्यात ब्रेकचे पाइपही आले. आधीच योक तापवलेला असेल तर क्रॉससोबत नवा योकही घ्यावा, इतकेच म्हणतो.

उत्तर ४ : निदेशक, मोटार मेकॅनिक

मी आयटीआयमध्ये हा विषय शिकवतो, म्हणून ठोका फोरमनसाहेबांकडे सोपवून फक्त थरथरीबद्दल लिहितो.

या जॉइंटला सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो यांचे आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ हूक यांचे नाव जोडले जाते. त्याचा एक स्वभावदोष आहे. जॉइंट सरळ असेल तर दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात, पण तो कोनात असेल तर एका बाजूचा वेग स्थिर असूनही दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. शाफ्ट मिनिटाला 2000 फेरे घेत असेल आणि जॉइंटचा कोन 5 अंश असेल, तर पलीकडचा वेग सुमारे 1992 आणि 2008 यांच्यामध्ये झुलतो. कोन 10 अंशांवर गेला की हेच आकडे सुमारे 1970 आणि 2031 होतात. कोन दुप्पट झाला, पण झोका जवळजवळ चौपट झाला, हे इथे लक्षात घ्यावे.

हा झोका मारण्यासाठी शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनात दुसरा जॉइंट बसवतात आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवतात. मग पहिल्या जॉइंटने केलेली चूक दुसरा जॉइंट सुधारतो. योक एका रेषेत नसतील तर ती सुधारणा अपुरी राहते आणि ते काटकोनात असतील तर दोन्ही चुकांची बेरीज होते. आपल्या गाडीत मागचा शाफ्ट स्लिप जॉइंटपाशी दोन भागांत सुटतो. तो परत घालताना दाते एकाने जरी सरकले तरी योकची रेष मोडते. दाते 16 असतील तर एका दात्याचा फरक 22.5 अंशांचा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला शाफ्ट नीट बसलेला दिसतो, बोल्टही बिनचूक लागतात, त्यामुळे चूक कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपण दिलेला वेगही याच्याशी जुळतो. सहाचाकीच्या टायरचा एक फेरा म्हणजे साधारण 3.2 मीटर अंतर. ताशी 60 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 312 फेरे घेते आणि हाउसिंगचे गुणोत्तर 6 धरले (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे 6 फेरे) तर शाफ्ट सुमारे 1875 फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात दोन झोके, म्हणजे सेकंदाला साठहून अधिक हादरे झाले. पायाला बारीक थरथर जाणवते ती बहुधा हीच असावी. बॅलन्स बिघडलेल्या शाफ्टचा हादरा फेऱ्याला एकदाच बसतो, त्यामुळे तो तुलनेने जाडा वाटतो.

एक प्रश्न विचारतो. उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मागच्या बाजूला कमानपाट्यांत एखादा जादा पाटा चढवला होता का?

प्रश्नकर्ता : सहाचाकी, सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल आभार. रविवारी गाडी रिकामी करून आम्ही दोघांनी शाफ्ट उतरवला. प्रत्यक्ष दिसले ते तसेच्या तसे सांगतो.

जानेवारीत बसवलेल्या क्रॉसचे निपल फ्लँजच्या बाजूला तोंड करून होते. आमच्या गनचे तोंड त्यावर तिरकेच बसत होते आणि दाबले की ग्रीस निपलच्या कडेने बाहेर येऊन आमच्याच बोटांवर सांडत होते. दोन महिने मी त्यात ग्रीस मारतो आहे अशा समजुतीत होतो. कप काढल्यावर दोन कपांत दुकानातून आलेले थोडे ग्रीस शिल्लक दिसले, एकात ते काळे पडून घट्ट झाले होते आणि चौथा कप उलटा केल्यावर त्यातून वीटभट्टीच्या राखेसारखी लाल भुकटी पडली. त्यातील तीन सुयांचे तुकडे झाले होते.

दुसरी गोष्ट स्लिप जॉइंटची. वाळलेले ग्रीस आणि माती ब्लेडने खरवडल्यावर दोन्ही भागांवर कोरलेले बाण सापडले. ते एकमेकांसमोर नव्हते, एका दात्याने सरकलेले होते. मेहुणा पाहतच राहिला. आपल्या सूचनेप्रमाणे मी रंगाची रेघ ओढली होती, पण त्या रेघेप्रमाणे जोडले असते तर जुनीच चूक मी इमानाने पुन्हा केली असती. म्हणून रेघ पुसून बाणाला बाण लावला.

कप काढण्यासाठी आणि नवा क्रॉस दाबण्यासाठी शाफ्ट प्रेसवर नेला. योकची भोके लेथवाल्यांनी मापून पाहिली, ती ठीक आहेत. नवा क्रॉस निपल नळीकडे ठेवून बसवला आणि चारही कपांतून ग्रीस बाहेर आलेले डोळ्यांनी पाहिले. ठोका पूर्णपणे गेला आहे. थरथर बरीच कमी झाली, पण रिकाम्या गाडीत 55 च्या आसपास अजून किंचित जाणवते. भरलेल्या गाडीत ती जाणवत नाही.

निदेशक साहेब, पाट्याचे आपण बरोबर ओळखलेत. ऑक्टोबरमध्ये मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला होता.

उत्तर ५ : निदेशक, मोटार मेकॅनिक

मग उरलेल्या थरथरीचा उलगडा होतो. पाटा वाढवल्यामुळे रिकामी गाडी मागून उंच राहते, हाउसिंग चेसिसपासून खाली जाते आणि मागच्या शाफ्टचा उतार वाढतो. त्यासोबत त्याच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोनही वाढतात. माल भरला की पाटे दबून कोन कमी होतो, म्हणून भरलेल्या गाडीत ती थरथर नाहीशी होते. मोठ्या कोनात सुयांना प्रत्येक फेऱ्यात जास्त घासावे लागते, त्यामुळे क्रॉसचे आयुष्यही घटते.

हंगाम संपल्यावर तो पाटा काढणे हे सर्वांत सरळ आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्यासाठी तो चढवला असेल तर त्याबद्दल मी वेगळे सांगायची गरज नाही. काढायचा नसेल तर गाडी सपाट जागी उभी करून शाफ्टचा आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन मापून घ्यावा. मोबाइलमधील पाणसळीचे साधन शाफ्टच्या नळीवर ठेवले तरी पुरेसा अंदाज येतो. रिकामी आणि भरलेली, अशी दोन्ही मापे घेऊन इथे लिहावीत, म्हणजे पाट्यांखाली पाचर देण्याची गरज आहे का ते सांगता येईल.

उत्तर ६ : निवृत्त फोरमन, अक्कलकोट रोड

बाणांचे वाचून माझीच मला चूक उमगली. रेघ ओढण्यापूर्वी कारखान्याचे बाण जुळतात का ते पाहावे, हे मी लिहायला हवे होते. आपण ते स्वतः ताडलेत.

दोन कामे राहिली आहेत. फ्लँजचे जुने नट परत लावले असतील तर ते काढून नवे सेल्फ-लॉक नट लावावेत आणि सर्व्हिस बुकात दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत. एकदा हैदराबादची फेरी झाली की ते पुन्हा तपासावेत. आणि सेंटर बेअरिंगचे रबर हाताने वर-खाली दाबून पाहावे. दोन महिने थरथर सोसल्यावर त्याला भेगा पडलेल्या असण्याचा संभव आहे. ते फाटले असेल तर पुढच्या खेपेला ठोका तिथून येईल आणि आपण पुन्हा क्रॉसवर संशय घ्याल.

प्रश्नकर्ता : सहाचाकी, सोलापूर

नट नवे लावले आहेत. सेंटर बेअरिंगच्या रबराला खालच्या बाजूने करंगळी जाईल एवढी फट पडलेली आहे, ती आज पाहिली. बेअरिंग उद्या बदलतो आणि गुरुवारी कांदा भरून निघण्यापूर्वी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे कोन मापून इथे लिहितो.